भाकरी वेगळी, फेटा वेगळा

मागच्या हिवाळ्यात, सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेआधी आठ-दहा दिवस, नवी पेठेतल्या एका दुकानाच्या माडीवर आम्ही सात जण बसलो होतो. आमचं एक छोटंसं मंडळ आहे. दरवर्षी गावातल्या एका जुन्या खेळाडूचा आम्ही सत्कार करतो: शाल, श्रीफळ, फेटा, मानचिन्ह आणि अकरा हजारांचं पाकीट. एरवी चहा यायच्या आत नाव ठरतं आणि उरलेला वेळ मंडपवाल्याच्या दरावरून वाद घालण्यात जातो. यंदा चहा तीनदा आला तरी नाव ठरेना.

सुचवलेलं नाव एका वेटलिफ्टरचं होतं. वीसेक वर्षांपूर्वी हा मुलगा राष्ट्रीय स्पर्धेतून पदक घेऊन आला, तेव्हा स्टेशनपासून मिरवणूक निघाली होती. हलगीच्या तालावर मीही नाचलो होतो. चार महिन्यांनी बातमी आली, की त्याच्या लघवीच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं. पदक गेलं, दोन वर्षांची बंदी आली. बंदी संपल्यावर तो पुन्हा मोठ्या स्पर्धेत उतरला नाही. आज त्याची लहानशी जिम आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची आणि विड्या वळणाऱ्या बायकांची पोरं तिथे फुकट शिकतात. माणूस चांगला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्यावर रागवायला सोपं जाईल.

"चूक केला, शिक्षा भोगला, संपलं की ओ," आमच्यातला एक जण म्हणाला. "अजून किती दिवस धरून बसालाव?"

मी विरोधात मत दिलं. चार विरुद्ध तीन असा निकाल लागला आणि फेटा बांधला गेला. तेव्हापासून तो मित्र माझ्याशी नीट बोलत नाही. रस्त्यात भेटला तर नुसती मान हलवतो. तेव्हा माडीवर मला नीट मांडता आलं नव्हतं, ते इथे मांडतो.

आमच्या गावाला मान म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. कुठल्या काठीचा मान कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. मान मिळाला म्हणजे खुर्ची मिळाली असं तिथे नसतं. ती उंच, जड काठी कमरेला तोलून सगळ्या गावादेखत चालावं लागतं आणि त्याआधी कितीतरी दिवस सराव करावा लागतो. काठी कलली तर हजारो डोळ्यांना एकदम कळतं.

जत्रेतल्या कुस्तीतही दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात. जिंकणाऱ्याला इनाम मिळतं आणि फेटा मिळतो. इनाम हा हिशोब आहे. ठरलेले पैसे मोजून हातात दिले की ते खिशात जातात आणि विषय मिटतो. फेटा डोक्यावर बांधतात, कारण तो चारचौघांना दिसायला हवा असतो. फेटा बांधणारा गाव एक वाक्य बोलत असतो: आमच्या पोरांनी तुझ्यासारखं व्हावं. नुरा कुस्ती झाली, दोघांनी आधीच ठरवून बरोबरी केली, हे ओळखणारे जुने वस्ताद फडात असतात. इनाम दिलं जातं तेव्हा ते काही बोलत नाहीत, पण फेट्याच्या वेळी उठून चालू लागतात. लहानपणी मला ते म्हातारे कुजके वाटायचे.

माझं म्हणणं एवढंच आहे. शिक्षा संपली की खेळाडूला भाकरी परत मिळालीच पाहिजे. त्याला खेळू द्या, शिकवू द्या, नोकरी करू द्या, जिम काढायला कर्ज द्या. आयुष्यभर त्याच्याकडे बोट दाखवणं हा दुष्टपणा आहे. पण फेटा न मिळणं ही शिक्षा नव्हे. २०११ च्या जनगणनेत या शहरात साडेनऊ लाख माणसं होती. त्यातल्या जवळपास कुणालाही जीवनगौरव मिळालेला नाही आणि ती सगळी काही शिक्षा भोगत नाहीत. जे कुणाच्या हक्काचं नव्हतंच, ते दिलं नाही म्हणून अन्याय कसा होईल? "त्याला अजून किती शिक्षा करणार?" हा प्रश्न ऐकला की मला वाटतं, आपण भाकरी आणि फेटा एकाच ताटात वाढायला निघालो आहोत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की तेव्हा सगळेच करत होते. या उत्तरापाशी जरा थांबायला हवं, कारण ते खोटं नाही.

सोल, सप्टेंबर १९८८. शंभर मीटरची अंतिम शर्यत बेन जॉन्सनने ९.७९ सेकंदांत जिंकली. तिसऱ्या दिवशी नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडल्याचं जाहीर झालं आणि पदक काढून घेतलं गेलं. सुवर्ण कार्ल लुईसला मिळालं, त्याची वेळ ९.९२. आम्ही तेव्हा जॉन्सनला खलनायक आणि लुईसला सज्जन ठरवून मोकळे झालो. पुढे २००३ साली उघड झालं, की त्याच वर्षी अमेरिकेच्या निवड चाचणीत लुईसच्या नमुन्यांतही उत्तेजकं सापडली होती. नकळत घेतली गेली, असं म्हणून तिथल्या ऑलिम्पिक समितीने त्याला सोडून दिलं होतं. रौप्यपदकाचा मानकरी लिनफर्ड ख्रिस्ती १९९९ मध्ये नॅन्ड्रोलोन या स्टेरॉइडच्या चाचणीत सापडला. पाचवा आलेला डेनिस मिचेल १९९८ मध्ये पकडला गेला.

बघा, इथे "सगळेच करत होते" हे वाक्य किती सहज तोंडात येतं. पण त्या शर्यतीत चौथा एक जण होता. कॅल्व्हिन स्मिथ, ९.९९ सेकंद. पळताना तो चौथा होता, जॉन्सन बाद झाल्यावर कागदावर तिसरा झाला. पहिल्या पाचांत ज्याच्या नावाला कधीच डाग लागला नाही, असा हा एकटाच. त्याच्या गळ्यात पहिल्या दिवशी काहीच पडलं नाही. फोटोत तो कडेला आहे, आणि बहुतेक फोटोंत तर नाहीच. "सगळेच करत होते" म्हणताना आपण या माणसाला सगळ्यांत मोजतो. त्याने गोळी घेतली नाही, हरला, आणि वर तीस-पस्तीस वर्षांनी आपण त्याला सांगतो, की तुझ्या काळात सगळेच घेत होते.

मी खेळातल्या मानाचा कुठलाही प्रश्न या चौथ्या माणसाच्या जागेवर बसून बघायला लागलो, तेव्हापासून माझी बरीच मतं बदलली.

लान्स आर्मस्ट्राँगचीच गोष्ट घ्या. १९९९ ते २००५, सलग सात वेळा त्याने तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली. २०१२ मध्ये डोपिंगमुळे सातही जेतेपदं काढून घेतली गेली आणि ती दुसऱ्या कुणालाही दिली नाहीत. त्या सात वर्षांच्या यादीत पहिल्या ओळीवर कुणाचंच नाव नाही. दुसऱ्याला बढती द्यायची तर त्याच्यामागेही तीच लफडी. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये मॅरियन जोन्सने शंभर मीटरचं सुवर्ण घेतलं आणि २००७ मध्ये कबुली देऊन परत केलं. दुसरी आलेली ग्रीसची कातेरिना थानू स्वतः २००४ मध्ये चाचणी चुकवल्याच्या प्रकरणात अडकलेली. मग ऑलिम्पिक समितीने थानूला रौप्यावरच ठेवलं, तिसरीला रौप्य दिलं आणि सुवर्णाची जागा मोकळी सोडली. दोन रौप्य आहेत आणि सुवर्ण नाही. मला तो निर्णय फार आवडतो. तिथल्या माणसांना कुणाच्या तरी गळ्यात पदक घालून कार्यक्रम उरकायची घाई झाली नाही. आमच्या मंडळाने एखाद्या वर्षी "यंदा कुणीही नाही" असं जाहीर केल्याचं मला आठवत नाही, कारण मंडपवाल्याला आगाऊ रक्कम दिलेली असते.

चौथ्याला न्याय मिळतो तेव्हा तो कसा मिळतो, हेही बघण्यासारखं आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकची गोळाफेक खास प्राचीन ऑलिंपियाच्या मैदानावर घेतली होती. युक्रेनचा युरी बिलोनोग आणि अमेरिकेचा अॅडम नेल्सन, दोघांचीही फेक २१.१६ मीटर. दुसरी चांगली फेक कुणाची, यावर बिलोनोग जिंकला. आठ वर्षांनी जुन्या नमुन्याची फेरतपासणी झाली, तो दोषी निघाला आणि सुवर्ण नेल्सनकडे आलं. आलं कुठे, तर २०१३ मध्ये अटलांटा विमानतळाच्या फूड कोर्टात, बर्गरच्या दुकानासमोर. एका अधिकाऱ्याने ते त्याच्या हातात दिलं. ऑलिंपियाच्या त्या मैदानात त्याच्यासाठी जे राष्ट्रगीत वाजायला हवं होतं, ते कोण कसं परत देणार? ज्याने फसवलं त्याची शिक्षा ठरावीक वर्षांची असते. ज्याला फसवलं गेलं त्याला अशी मुदत नसते.

मग माफ करायचं की नाही, हे ठरवायचं कुणी? आमच्या माडीवरच्या सात जणांनी? आमचं काय गेलं होतं? आम्ही तर मिरवणुकीत नाचून घेतलं होतं. माफ करायचा हक्क असलाच, तर तो चौथ्याचा आहे. आणि तो हक्क वापरणारा माणूस आपल्याच देशात आहे. लंडन २०१२ मध्ये योगेश्वर दत्तला साठ किलोत कांस्य मिळालं होतं. २०१६ मध्ये बातमी आली, की त्या गटात रौप्य मिळवलेल्या रशियाच्या बेसिक कुदुखोवचा जुना नमुना सदोष निघाला आहे, आता योगेश्वरला रौप्य मिळणार. कुदुखोव २०१३ मध्येच मोटार अपघातात गेला होता. योगेश्वरने जाहीरपणे सांगितलं, की तो मोठा पैलवान होता, पदक त्याच्या घरच्यांकडेच राहू द्या, माणुसकी मोठी. पुढे ऑलिम्पिक समितीने मृत्यूमुळे ते प्रकरण बंद केलं आणि कांस्य ते कांस्यच राहिलं. सोनिपतच्या तालमीतल्या पोराने दाखवलेला हा मोठेपणा मला फार वरचा वाटतो. पण ते योगेश्वरने म्हणायचं होतं. तेच वाक्य एखाद्या संघटनेच्या अध्यक्षाने म्हटलं असतं, तर तो परक्याच्या ताटातला घास दान करणं झालं असतं.

आता माझा नियम जिथे अडखळतो तिथे येतो.

पहिली अडचण भाकरीचीच. परदेशात पदक हा बहुधा मान असतो, आपल्याकडे ते पोट असतं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. त्यामुळे खोटी क्रीडा प्रमाणपत्रं करून नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं आपल्या राज्यात उघडकीला आली. इथे फसवणाऱ्याने दुसऱ्याच्या फेट्याबरोबर भाकरीही पळवलेली असते. अशा वेळी "झालं गेलं, नोकरी राहू द्या" असं मी म्हणणार नाही. चोरीच्या पदकावर मिळालेली खुर्ची मोकळी केली पाहिजे आणि त्याला नव्याने कुठेही पोट भरायची मोकळीक दिली पाहिजे. हे बोलायला सोपं आहे. ज्याच्या घरात त्या पगारावर तीन पोरं शिकतात, त्याच्यासमोर उभं राहून बोलायला सोपं नाही, हे मला कळतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे: दोषी कोण? बॉक्सर अमित पंघाल २०१२ मध्ये, अजून पोरवयातच, चाचणीत सापडला. त्याला कांजिण्या झाल्या होत्या आणि त्यावरच्या औषधातून ते गेलं, असं त्याचं म्हणणं. एक वर्षाची बंदी त्याने भोगली. मग २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्य. तरी अर्जुन पुरस्कारासाठी नाव गेलं तेव्हा २०१२ चं ते प्रकरण आडवं आलं. हा माझ्या मते शुद्ध आंधळेपणा होता. कांजिण्यांचं औषध आणि स्टेरॉइडची सुई यांना एकाच फूटपट्टीने मोजणारा नियम सोपा असतो, म्हणून तो न्याय्य ठरत नाही.

पूर्व जर्मनीत तर सरकारच पोरांना गोळ्या देत असे. हायडी क्रीगर या नावाने १९८६ मध्ये युरोपीय गोळाफेकीचं सुवर्ण जिंकलेल्या खेळाडूला सोळाव्या वर्षापासून काय दिलं जात होतं, ते सांगितलंही गेलं नव्हतं. त्या हार्मोनांनी शरीराचं काय झालं, हे आज आंद्रेआस क्रीगर या नावाने जगणारा तो माणूस स्वतः जगाला सांगत आला आहे. डोपिंगविरुद्ध लढणाऱ्यांना पुढे हायडी क्रीगर या जुन्या नावाचं एक पदक दिलं जाऊ लागलं. अशा माणसाला फेटा बांधायला मी सगळ्यांत पुढे असेन, आणि तो फेटा त्याच्या गोळाफेकीसाठी नसेल.

आणि नरसिंग यादव. लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी, म्हणजे आपल्या मातीतला सगळ्यांत मोठा मान, चांदीची गदा तीन वेळा. २०१६ च्या रिओच्या तोंडावर नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मुद्दाम कालवलं, असं तो म्हणाला. देशातल्या यंत्रणेला ते पटलं आणि त्यांनी त्याला सोडलं. लढतीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादाला ते पटलं नाही, आणि चार वर्षांची बंदी बसली. आमच्याकडच्या तालमींत आजही या विषयावर दोन तट आहेत. त्याच्या तीन गदा या भानगडीच्या आधीच्या, त्या त्याच्याच. त्याबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण पुढचा एखादा मोठा पुरस्कार? मी थांबेन. तो खोटं बोलतो असं माझं म्हणणं नाही. संशय फिटला नसेल तर नोकरी देता येते, मत देता येतं, फेटा मात्र बांधता येत नाही. कदाचित यात एका निर्दोष माणसावर अन्याय होत असेल. फेट्याच्या बाबतीत तो अन्याय सोसण्यासारखा आहे असं मी धरून चालतो, बाकी कुठल्याही बाबतीत धरणार नाही.

क्रिकेटचं काय, हा प्रश्न येणारच. ज्यांचं लहानपण सोलापुरात गेलं त्या पॉली उम्रीगरांच्या नावाने क्रिकेट मंडळ वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला पुरस्कार देतं, तेव्हा या खेळातल्या मानाबद्दल चार शब्द बोलायचा हक्क आपल्यालाही आहे, असं मी समजतो.

मोहम्मद आमिर २०१० मध्ये लॉर्ड्सवर पैसे घेऊन नो-बॉल टाकताना सापडला. वय अठरा. त्याच सामन्यात त्याने ८४ धावांत ६ बळी घेतले होते आणि पाच बळी घेणाऱ्यांच्या लॉर्ड्सच्या फळ्यावर त्याचं नाव लागलं. ते पुसावं का? मी म्हणेन, नको. तो फळा म्हणजे नोंदवही आहे. सहा बळी पडले ते पडले. नोंद खोडून इतिहास स्वच्छ होत नाही, पुढच्या पोरांना काय घडलं ते कळेनासं मात्र होतं. तुरुंग आणि पाच वर्षांची बंदी भोगून तो २०१६ मध्ये त्याच लॉर्ड्सवर कसोटी खेळला, तेही बरोबरच झालं. ती भाकरी.

मोहम्मद अझरुद्दीनचं प्रकरण वेगळं. २००० मध्ये मंडळाने आजन्म बंदी घातली, २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कायद्याच्या लेखी विषय संपला, आणि त्यांना फिक्सर म्हणायचा अधिकार मला नाही. ९९ कसोटींतलं ते मनगट मी दूरदर्शनवर डोळे भरून पाहिलेलं आहे. पण ते हैदराबादच्या संघटनेचे अध्यक्ष असतानाच तिथल्या मैदानाच्या एका स्टँडला त्यांचं नाव दिलं गेलं. २०२५ मध्ये संघटनेच्या लोकपालांनी ते नाव काढायला सांगितलं, ते या हितसंबंधांच्या मुद्द्यावर. मग प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली. यात मला फसवणुकीशी काही देणंघेणं दिसत नाही, फक्त एक जुनी रीत आठवते: आपला फेटा आपण बांधून घ्यायचा नसतो.

अमेरिकेत हा वाद बेसबॉलवरून पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. पीट रोझच्या नावावर ४२५६ फटके, पण स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्याने १९८९ मध्ये कायमची बंदी. तिथल्या सन्मानाच्या दालनात त्याला हयातभर जागा मिळाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो गेला आणि मे २०२५ मध्ये मृतांची नावं बंदीच्या यादीतून काढली गेली. मेल्यावर माणूस आपोआप धुऊन निघतो, ही आपल्याकडचीच रीत तिथेही निघाली. आपल्याकडे तर दहाव्याच्या आत चौकात फ्लेक्स लागतो आणि कालचा बिलंदर "कर्मयोगी" होतो.

एक गोष्ट मात्र माझ्या मित्राने बरोबर पकडली होती. तो म्हणाला, "सर, एकट्या पोरालाच धरालाव. देणाऱ्याचं काय?" सुई एकटी चालत येत नाही. तिच्यामागे कुणीतरी असतो: एखादा वस्ताद, डॉक्टर, पावडरचे डबे विकणारा, निकाल हवा असलेला पदाधिकारी. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत राज्य अॅथलेटिक्स स्पर्धा चालू असताना नेहरू स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया सापडल्या. तपासणीचं पथक आलं म्हटल्यावर पोरं पळाली. शंभर मीटरच्या अंतिम फेरीला आठांपैकी एकच जण रेषेवर उभा राहिला. एक मुलगी स्टीपलचेसची अंतिम रेषा ओलांडूनही थांबेना, कारण थांबली असती तर नमुना द्यावा लागला असता. २०२२ मध्ये भारतात ३,८६५ नमुने तपासले, त्यांत १२५ दोषी निघाले. इतके नमुने घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं.

त्या एकट्या धावणाऱ्या पोराचा मी पुष्कळ विचार करतो. बंदुकीचा बार झाला, बाजूच्या सात लेन रिकाम्या, आणि तो शंभर मीटर पळाला. त्याला कुणी फेटा बांधला का? आपण सत्कार करतो तो पहिल्याचा, आणि बोभाटा होतो तो पकडलेल्याचा. मित्राचा मुद्दा मला मान्य आहे. गोळी देणारे मोकळे सुटतात आणि घेणारं पोर जन्मभर डाग वाहतं. पण म्हणून घेणाऱ्यालाच फेटा बांधायचा, हे मला अजूनही पटत नाही. देणाऱ्यांच्या गळ्यातले हार काढा म्हणाल, तर मी पुढे येतो. आमच्याच मंडळाच्या व्यासपीठावर असे हार किती वेळा पडले असतील, त्याची मोजदाद मी करत नाही.

इतकं सगळं सोवळेपणाने लिहिताना एक सांगायचं राहिलं, ते सांगतो. माझ्याकडेही एक प्रमाणपत्र आहे. १९८४ साली चौदा वर्षांखालच्या खो-खोत आमची शाळा जिल्ह्यात पहिली आली. आमच्या संघात एक जण होता, त्याला मिसरूड फुटलेलं. दाखल्यावर तेरा वर्षं. सगळ्यांना ठाऊक होतं, शिकवणाऱ्यांनाही. सामन्याच्या दिवशी सकाळी त्याला न्हाव्याकडे बसवून आणलं होतं. अंतिम सामन्यात त्याने खांबावर सूर मारून तीन गडी टिपले आणि आम्ही जिंकलो. मी दुसऱ्या डावात फार तर दीड मिनिट पळालो असेन. शाळेत ढाल आली, मला कागद मिळाला, आणि पुढे एका अर्जाला तो मी जोडलाही.

चार-पाच वर्षांपूर्वी मंगळवार बाजारात एक गृहस्थ भेटले. कांदे निवडत होते. बोलता बोलता शाळा निघाली, साल निघालं. ते एकदम म्हणाले, "म्हणजे तुमच्यात तो दाढी केलेला होता." छत्तीस-सदतीस वर्षं झाली होती. त्यांना आमच्या त्या गड्याचं नाव माहीत नव्हतं, पण गुण आठवत होते, कुठल्या डावात किती, तेही. मला काहीच आठवत नव्हतं. ते हसले, पिशवीत कांदे टाकले. "आमच्यातल्या दोघांना पुण्याच्या शिबिराला घेणार होते, जिंकलो असतो तर," म्हणाले, आणि भाव करायला वळले. मी त्यांची माफी मागितली नाही. सुचलंच नाही.

माडीवरच्या त्या बैठकीत मी शेवटी एकच सुचवलं होतं. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या राज्य स्पर्धेत आपल्या वेटलिफ्टरच्या मागे दुसरा कोण आला होता, त्याला बोलवा. त्याने हो म्हटलं तर मी स्वतः फेटा बांधतो. सातांपैकी एकालाही नाव सांगता येईना. मिरवणुकीत नाचलेले आम्ही तिघे होतो, आम्हालाही नाही. राज्य स्पर्धेचं ते सुवर्ण आजही आमच्या वेटलिफ्टरकडेच आहे. तेव्हा कुणाचा नमुना घेतला नव्हता, आणि ते पदक स्वच्छ होतं का हे त्याचं त्यालाच ठाऊक.

सत्कार झाल्यावर मी वाचनालयात जाऊन त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांची फाइल काढली. बातमी सापडली. आमच्या पोराचा फोटो चांगला दोन कॉलमी, बार डोक्यावर पेललेला. खाली बारीक अक्षरांत बाकीचे निकाल. दुसऱ्या क्रमांकाचं नाव पानाच्या अगदी कडेला होतं आणि फाइल शिवताना ती कड शिवणीत गेली होती. आडनावाची पहिली दोन अक्षरं तेवढी दिसत होती.